कानात सांगितलेलं

मागावर काम केलेल्या माणसाला गुपित ठेवायला जागा नसते. थट्टा नाही करत. कबनूरच्या ज्या शेडमध्ये माझी जवानी गेली, तिथं सगळे माग एकदम चालू झाले की वरचा पत्रा थरथरायचा, बशीतला चहा थरथरायचा आणि छातीतली हाडंसुद्धा. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण काय यातनं जगत नाही. वर्ष झालं आणि उलटंच झालं, सुट्टीच्या दिवशी झोप येईना, कारण आवाज नव्हता. त्या खटाखटीत कोण कुणाला हाक मारणार? म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. चार माग सोडून पलीकडं उभा असलेला माणूस काय म्हणतोय ते आम्हाला वाचता यायचं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो आणि पुस्तक मला तेव्हा धड वाचता यायचं नाही, पण माणसाचं तोंड मी आजही वाचतो. लग्नाच्या मांडवात पलीकडच्या टोकाला नवरीची आई काय पुटपुटते ते मला इकडं बसून कळतं. कळून उपयोग नसतो, ते सोडा.

ओठांच्या बोलण्याला एक रीत होती. ज्यानं ऐकलं त्यानं तेच ओठांनी परत म्हणून दाखवायचं. मी म्हटलं, ‘बीम संपलं’, म्हणजे उभ्या सुताचा रूळ संपला, की पलीकडच्यानं ‘बीम संपलं?’ असं ओठ हलवायचे, मी मान डोलवायची, मग बोलणं पक्कं. रीत उगाच पडली नव्हती. आमच्या शेडचे जॉबर तात्या, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, त्यांचं एक बोट गेलं होतं. आत हात असताना ते ‘थांब’ म्हणाले आणि पोरानं न विचारता माग चालू केला. तेव्हापासून परत म्हटल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. सवय इतकी भिनली की घरी बायको ‘मीठ आणा’ म्हणाली तरी माझे ओठ हलायचे, ‘मीठ आणू?’ ती म्हणायची, बहिरं झालं की काय हे? ते तर झालोच होतो. मागवाला हळू बोलूच शकत नाही. त्याला वाटतं आपण कुजबुजतोय, आणि गल्लीच्या टोकाला कुत्रं उठून बसतं.

म्हणजे शेडमध्ये बोललं तर सगळ्यांना दिसणार, बाहेर बोललं तर सगळ्यांना ऐकू जाणार. मग जिवाभावाचं बोलायचं कसं? एकच वाट होती. माग चालू असताना मित्राच्या कानाला तोंड लावायचं आणि ओठांवर गमजा धरायचा. आवाज आवाजात बुडाला, ओठ कापडाआड गेले. याला आम्ही ‘कानात सांगणं’ म्हणायचो. कुणी कुणाच्या कानात सांगताना दिसला की बाकीचे मान वळवायचे. अडाणी माणसं होतो, पण तेवढं सभ्यपण होतं.

माझ्या कानात सांगणारा एकच होता, शिवा. कागलकडचा, माझ्याच वयाचा, काटकुळा, दात पुढं आलेले. आधी लॉरीवर क्लीनर होता, हायवेवर मुंबई-बेंगलोर करायचा, मग कंटाळून मागावर आला. त्याचा माग माझ्या शेजारी. मी लघवीला गेलो की तो माझा धोटा, सूत घेऊन पळणारी ती लाकडी होडी, बघायचा, तो गेला की मी त्याचा. तोंडानं फाटका.

‘‘काय गणपा, आज खानावळीतल्या म्हातारीनं डब्यात काय घातलंय?’’

‘‘खर्डा-भाकरी.’’

‘‘मग उद्या मला दुसरा माग द्या म्हणावं. तुझ्या शेजारी मी न्हाय थांबत.’’

आणि सगळी ओळ हसायची, आवाज न करता, नुसते दात दिसायचे.

त्यानं हाक मारली ती गणपा म्हणून. ते माझं नाव नव्हतं. तेच माझं गुपित.

मी कबनूरला आलो तेव्हा खोली मिळेना. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, की घरमालक म्हणायचा, कालच दिली हो. तीन ठिकाणी कालच दिली होती. चौथ्या दारात शेवंताक्का उभी होती. विधवा बाई, पोटी मूल नाही, पुढच्या सोप्यात, ओसरीवर, चार पोरांची खानावळ आणि मागं एक खोली. कपाळ मोकळं, हाताला पिठाचा वास. ‘‘पावणं, कुठलं म्हनायचं?’’ असं तिनं विचारलं आणि माझ्या तोंडातनं आलं, गणपत जाधव. कुठनं आलं मला माहीत नाही. ‘‘जाधव व्हय, या की आत,’’ ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. ते पाणी मी प्यायलो आणि गौतम कांबळे दाराबाहेर राहिला.

तिच्या हाताला चव होती. पहाटे भाकरी थापायचा आवाज यायचा, त्यावर मी उठायचो. मसुराची आमटी, वर कट आलेला, कधी वांग्याचं भरीत, सणाला पोळी. मला एक पितळेचं ताट ठरवून दिलं होतं, तिच्या नवऱ्याचं. दुसऱ्या पोरांना जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटं. तिला मी आवडायचो, उगाच का खोटं बोलू. ताप आला तेव्हा तिनं माझे पाय चोळले. आणि मी तिच्या देव्हाऱ्यापुढं हात जोडायचो, ज्या बापानं छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले त्याच बापाचा मी मुलगा. आमच्या घरी भिंतीवर दोनच तसबिरी, कुणाच्या ते सांगायला नको. बाप म्हणायचा, आम्ही धर्म बदलला तो ताठ उभं राहाय, लपाय न्हाय. त्याला वाटायचं पोरगा कबनूरला ताठ उभा आहे.

शिवाला हे मीच सांगितलं, एका दुपारी, कानात, गमज्याआड. का सांगितलं? कुणाला तरी सांगितल्याशिवाय माणूस आतनं नासतो म्हणून. त्यानं ऐकलं, रीतीप्रमाणं ओठ हलवणार तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो हसला. मग माझ्या कानाला लागून म्हणाला, ‘‘गुपित फुकट घ्याचं न्हाय, घेतलं की द्याचं. पर माझ्याकडं आत्ता काय न्हाय मर्दा. तयार झालं की पयलं तुला.’’

दोन वर्षांनी त्याचं तयार झालं.

त्याला ताप यायचा. यायचा, जायचा. तोंडात पांढरं उठलं, भाकरी गिळवेना. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त काढलं. परत आला त्या दिवशी त्यानं मागाला हात लावला नाही, सरळ माझ्याजवळ आला, गमजा धरला आणि कानात म्हणाला, ‘‘एड्स हाय मला.’’ त्या वेळी ते नाव म्हणजे यमाचंच. भिंतींवर पाट्या रंगवल्या होत्या, गावात कुणाला झाला कळलं तर घराला आगसुद्धा लावली असती. मी धोट्याकडं बघत राहिलो. तो म्हणाला, ‘‘लॉरीवर हुतो तेव्हाचं असंल. डाक्टर म्हनला, एका ताटात जेवला तर लागत न्हाय. तू भ्यू नको.’’ मी भ्यालो नव्हतो असं नाही. पण त्या दुपारी त्याच्या डब्यात हात घातला आणि त्याच्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. एवढं आमच्यात झालं. मी शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही. आईची घेतली.

ती शपथ मी पाळली असती. आजन्म पाळली असती. पण चार महिन्यांनी त्याच्या आईनं त्याचं लग्न ठरवलं.

मुलगी आमच्याच शेडची. मंदा, जॉबर तात्यांची धाकटी, कोपऱ्यात कांड्या भरायची. मशीनवर बाण्याचं, आडवं सूत कांडीवर गुंडाळायचं काम ते, बायकाच करायच्या. शिडशिडीत, बोलायला तिखट. मालक एकदा तिला म्हणाला, ‘‘काय गं, कांड्या सैल भरतीस?’’ तर ती म्हणाली, ‘‘पगार घट्ट द्या, कांड्या घट्ट करते.’’ अशी. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, शेडमध्ये पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी शिवाच्या कानात विचारलं, ‘‘लेका, हे काय चाललंय?’’

‘‘आई ऐकंना.’’

‘‘आईला सांग.’’

‘‘सांगू? आन मग ती जगंल?’’

‘‘मग पळून जा. न्हाय म्हन. काय बी कर. त्या पोरीचं काय चुकलंय?’’

त्यानं गमजा परत ओठांवर ओढला. मग म्हणाला, ‘‘मला ती आवडती रं. आन लगीन न्हाय केलं तर लोक म्हनतील, ह्याला झालंय काय? औषिद निघंल तवर. डाक्टर बी म्हनत्यात, निघंल.’’

‘‘न्हाय निघालं तर?’’

‘‘तर तू गप ऱ्हा,’’ तो म्हणाला. ‘‘जाधव.’’

पहिल्यांदाच त्यानं मला त्या आडनावानं हाक मारली. मला समजलं. तो धमकी देत होता, आणि धमकी देताना त्याचा हात माझ्या खांद्यावरच होता.

महिनाभर मी त्याच्या मागं लागलो. रोज कानात. तो रोज मान हलवायचा, बघू म्हणायचा. हळद आठ दिवसांवर आली. शेवंताक्का मला ताटात वाढता वाढता म्हणाली, ‘‘मित्राचं लगीन, आन तुझं त्वांड असं का? तुला बी बघू का एक?’’ मी भाकरी मोडत राहिलो. एका बाजूला हे ताट, हा सोपा, ही बाई, गावात बापाची मान. दुसऱ्या बाजूला ती पोरगी, जी मला ‘गणपादा’ म्हणायची, आणि जिच्या रक्तात उद्या तोच रोग जाणार. विचार करायला फार वेळ लागला नाही. लागला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही लागला.

सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. तरण्या पोरीच्या कानाला तोंड लावणं शेडमध्ये शक्य नाही, तात्यांनी हातोडी घातली असती. बाहेर बोललो तर गल्लीनं ऐकलं असतं. म्हणून भर दुपारी, माग चालू असताना, मी रिकाम्या कांड्यांची टोपली घेऊन तिच्या कोपऱ्यात गेलो. शेडकडं पाठ केली, तोंड भिंतीकडं, तिच्याकडं. माझे ओठ फक्त तिला दिसतील असा उभा राहिलो आणि म्हटलं, शिवाला एड्स हाय, दवाखान्यात रक्त बघितलंय, लगीन करू नको. आवाज काढला नाही. पुढं एकजण मला म्हणाला, मग तू शपथ मोडलीच नाहीस की, तोंडातनं शब्द कुठं निघाला? वकिली बोलणं झालं ते. मी सांगितलं. मोडली शपथ. तशीच वेळ आली तर परत मोडीन.

पण एक गोष्ट मी विसरलो. आमची रीत. मी माझं तोंड झाकलं, तिचं झाकायला विसरलो. मंदानं सूत सोडलं, माझ्याकडं बघितलं, आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं, तिचे ओठ हलले. ‘शिवाला? एड्स?’

मी मान डोलवली आणि वळलो. चार माग पलीकडं शिवा आपल्या मागाला टेकून उभा होता. तिच्याकडं बघत. त्या दिवसांत तो तिच्याकडंच बघत असायचा.

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात. अंगावरचं पांघरूण कुणी ओढून न्यावं आणि आत माणूस नागडा असावा, तसा. तो मागाला लागला. धोटा बदलला, तुटलेला धागा जोडला. मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मला कळलं तो कशाची वाट बघतोय. त्या काळात रोज दुपारी चहाच्या वेळेला लाईट जायची. मीही माझ्या मागावर उभा राहिलो. पळून जावंसं वाटलं नाही. कुठं जाणार?

लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. ती शांतता ज्यानं ऐकली नाही त्याला सांगता येणार नाही, कानात शिटी वाजल्यासारखी असते. एरवी त्या क्षणी सगळे हुश्श करून चहाला वळायचे. शिवा शेडच्या मधोमध आला आणि ओरडला.

‘‘अरं ए गौतम कांबळे! जाधव म्हणून म्हातारीच्या ताटात जेवतोस, लाज न्हाय वाटत?’’

तात्या पाना हातात धरून तसेच. मग माझ्या मागं एकजण, तोही शेवंताक्काकडंच जेवायचा, म्हणाला, ‘‘आयला, एकाच माठातलं पाणी पीत हुतो की आपुन सगळी!’’

माझ्या जिभेवर आलं होतं. एकच शब्द. तो मी उच्चारला असता तर माझी जात त्या शेडमध्ये कुणाला आठवलीही नसती, सगळे शिवापासनं दहा हात लांब पळाले असते. तोही तेच वाचत होता, माझ्या ओठांकडं बघत होता. डोळे मिटले त्यानं. मंदा कोपऱ्यात दोन्ही हातांनी तोंड धरून उभी होती.

मी दाराशी ठेवलेल्या शेडच्या माठाजवळ गेलो. तांब्या बुडवला. सगळ्यांच्या देखत वर धरून प्यायलो, घोट घोट, तो शब्द पाण्याबरोबर खाली जाईपर्यंत. तांब्या जागेवर ठेवला आणि म्हटलं, ‘‘कांबळेच हाय मी. कुणाला माठ बदलायचा असंल तर बदला.’’

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेवंताक्का चुलीपुढं बसली होती. पितळेचं ताट तिनं विस्तवावर धरलं होतं, चिमट्यात, शुद्ध करायला. डोळ्यांतनं पाणी गळत होतं, धुरानं की कशानं, मी विचारलं नाही. माझी पेटी दारात काढून ठेवलेली. ‘‘माझ्याशी का खोटं बोल्लास रं?’’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘‘खरं बोललो असतो तर वाढलं असतं काय, आक्का?’’ तिनं चिमटा फिरवला. ताट लाल होत होतं. मी पेटी उचलली.

गावी गेलो तर बापाला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तो जेवत होता. घास हातात धरून म्हणाला, ‘‘तीन वर्सं कुणाचा पोरगा हुतास?’’ आणि परत जेवायला लागला. मरेपर्यंत त्यानं तो विषय परत काढला नाही. दोन दिवसांनी मी त्याच शेडमध्ये, त्याच मागावर परत गेलो. आपल्या नावानं. माठ बदलला नव्हता, पण पाणी प्यायला प्रत्येकजण बाटली आणू लागला होता. मी एकटाच माठातलं प्यायचो. थंड असायचं.

मंदानं लग्न मोडलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. बापानं मारलं, आईनं उपास धरले, लोक नाही नाही ते बोलले, कुणी माझं नावही तिच्याशी जोडलं. ती म्हणायची, ‘‘मला दात आवडत न्हाईत त्याचं.’’ एवढंच. तिनं कसली शपथ घेतली नव्हती, आणि आम्हा तिघांत गुपित ठेवलं ते फक्त तिनं. आज तिला नातवंडं आहेत. हे प्रकरण लिहू का म्हणून मी तिच्याकडं गेलो होतो. म्हणाली, ‘‘लिवा की. नावं तेवढी बदला.’’ बदललीत. यातलं माझं नाव तेवढं खरं आहे.

शिवा शेड सोडून गावी गेला. दीड वर्षानं निरोप आला, त्याच्या आईचा. तो बोलवतोय असा नव्हता. टीबीनं फार खंगलाय, येऊन बघून जा, असा होता. मी जाणार नव्हतो. तसा मी हट्टी. दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी एसटीत बसलो.

तो सोप्यात बाजेवर होता. दात तेवढे राहिले होते, बाकी काही नाही. घशात फोड उठून आवाज गेला होता. आई म्हणाली, ‘‘पंध्रा दीस झालं, काय बोलतोय कुनाला कळत न्हाय बाबा. नुसतं त्वांड हालवतोय.’’

मी बाजेजवळ बसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. मला लख्ख कळलं.

‘बरोबर केलंस, असं मी म्हनणार न्हाय.’

मी ओठांनीच परत म्हणून दाखवलं. मग म्हटलं, ‘म्हनू नको.’

‘मी चुकलो, असं बी म्हनणार न्हाय.’

‘म्हनू नको.’

त्यानं वर आढ्याकडं बघितलं. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. मग परत माझ्याकडं वळला.

‘माठाजवळ सांगितलं न्हाईस.’

‘न्हाय.’

‘का?’

मी रीतीप्रमाणं परत म्हणून दाखवलं, ‘का?’ त्यानं वाट बघितली, मग ओठ हलवले, ‘पाणी दे, गौतम.’

आई मागं उभी होती. तिनं विचारलं, ‘‘काय म्हनतोय रं? तुला कळतंय काय?’’

‘‘पाणी मागतोय, मावशी,’’ मी म्हटलं. बाकीचं आमचं होतं. तिनं तांब्या माझ्या हातात दिला, आणि मी त्याची मान उचलून थोडं थोडं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. बरंचसं गालावरनं खाली गेलं.